दोन्ही पायांचा फोटो

मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले ती एका शब्दामुळे. शब्द होता ट्यूमर.

सत्तरच्या दशकाचा मध्य. परभणीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं शिक्षण घ्यायला आम्ही सहा जण होतो, पाच मुलगे आणि मी. मी ताडकळसजवळच्या खेड्यातली. धर्मांतर झालं त्या सालातला माझा जन्म, आणि आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. वडील गवंड्याच्या हाताखाली विटा-चुना वाहायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. परभणीत मी एका लांबच्या मावशीकडे राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जायचे.

मशीनचं काम मला लवकर जमलं. रोग्याला टेबलावर कसं निजवायचं, फिल्मची कॅसेट कुठं ठेवायची, श्वास कधी धरायला सांगायचा, डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली हँगरला फिल्म कशी लावायची, हे हातानं शिकायचं होतं आणि हाताला कामाची सवय होती. अडचण मंगळवारच्या तासाची. त्या दिवशी दुपारी एक म्हातारे डॉक्टर आम्हाला रोगांची तोंडओळख करून द्यायचे. पुस्तक इंग्रजी. पहिलाच धडा होता सुजेचा: शरीराला इजा झाली की तिथं काय काय होतं. पुस्तकात त्याच्या खुणांची जुनी लॅटिन नावं दिली होती आणि मी ती सगळी रात्रंदिवस घोकली. त्यातलं एक नाव ट्यूमर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसती सूज. मला काय ठाऊक? ट्यूमर म्हणजे कॅन्सरची गाठ, एवढं मी दवाखान्यात ऐकलेलं. चाचणीत मी छातीठोकपणे लिहिलं की काटा मोडला की त्या जागी लाली येते, ऊब येते, दुखतं आणि कॅन्सर होतो.

वर्गात पेपर वाटले तेव्हा माझा पेपर डॉक्टरांनी मागं ठेवला. सगळे गेल्यावर मला बोलावलं. ते रागावतील या तयारीनं मी उभी राहिले. त्यांनी विचारलं, हे पाठ केलंस की समजून लिहिलंस? मी खरं सांगितलं, पाठ केलं.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. निजामाच्या काळात हैदराबादला ते सगळी डॉक्टरकी उर्दूतून शिकले होते. हाडांची नावं, नसांची नावं, रोगांची नावं, सगळं उर्दूत. पुढं राज्य बदललं, पुस्तकं बदलली आणि त्यांना तिशीत पुन्हा इंग्रजी शब्द पाठ करायला बसावं लागलं.

"शब्द बदलले, बेटी. बीमारी तीच राहिली," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी मला हा धडा तू तुझ्या घरच्या बोलीत सांगायचा. इंग्रजी एकही शब्द नको."

मला ती शिक्षाच वाटली. घरच्या बोलीत असले शब्द असतील हेच मला खरं वाटत नव्हतं.

त्या शनिवारी गावी गेले. कापसाची वेचणी जोरात होती, पण आई घरी होती. ती कधी दिवसा घरी नसायची. चुलीपुढं बसून ती डाव्या हातानं भाकर उलटत होती. उजवा हात मांडीवर, अंगठ्याला फडकं. नखुरडं झालं होतं. वाळलेल्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला घुसलं आणि तीन दिवसांत अंगठा टरटरून फुगला होता.

मी फडकं सोडून बघितलं. नखाभोवती लालभडक. हातात हात घेतला तर तो अंगठा तव्यावरून काढल्यासारखा ऊन, बाकीची बोटं गार.

"लय ठणकायलंय," आई म्हणाली. "समदं रगत तिथंच धावून यायलंय बघ."

मी विचारलं, वाकतो का? ती म्हणाली, अंगठा वाकंना तर बोंड कशानं धरू, म्हणून तर घरी बसलेय. आणि मग सहज, भाकरीकडं बघत तिनं सांगितलं की काखेत अवधान पण आलंय. मी हात लावून बघितलं. काखेत बोराएवढी गाठ लागली.

"लागलं अंगठ्याला, मग गाठ काखेत कशी?" मी विचारलं.

"ते वरी चढू नाही म्हणून अंग तिथं आडवतंय त्याला," ती म्हणाली.

मी तिथंच चुलीजवळ बसले. माझ्या इंग्रजी पुस्तकात दोन पानं भरून जे लिहिलं होतं, ते माझी निरक्षर आई भाकर भाजता भाजता सांगत होती. लाली, ऊन, सूज, ठणका, अवयव कामातून जाणं, एवढंच नाही, तर गाठ का येते तेसुद्धा. मला एकदम पुस्तक कळायला लागलं. एकेक ओळ आठवली आणि एकेक ओळ आईच्या अंगठ्यावर दिसली. सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी तिला परभणीला आणलं. दवाखान्यात चीर देऊन पू काढला, आणि बुधवारी ती परत गावी गेली तेव्हा अंगठा वाकवून दाखवत होती.

मंगळवारी मी वर्गापुढं उभी राहिले आणि आईचं नखुरडं सांगितलं. नखुरडं म्हटल्याबरोबर मुलं हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते मला प्रत्येक ठिकाणी थांबवून आत काय होतं ते सांगत गेले. लाल का? कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात आणि रक्त जास्त येतं. ऊन का? रक्तच ऊन असतं म्हणून. सूज का? त्या वाहिन्यांच्या भिंतीतून पाणी पाझरतं. ठणका का? पाझरलेलं पाणी मज्जातंतूंना दाबतं. पू म्हणजे जंतूंना खाऊन मेलेल्या पांढऱ्या पेशी. बोलता बोलता तास संपून गेला. हसणारी मुलं वहीत लिहून घेत होती.

शेवटी डॉक्टर जे बोलले ते मी तेव्हा लिहून घेतलं नाही, पण विसरलेही नाही. ते म्हणाले, तुम्ही फोटो काढणारी माणसं. फोटोत लाली येत नाही, ऊन येत नाही, ठणका येत नाही. सूज येते, ती पण नीट बघितली तर. आणि हाडाच्या आत पू व्हायला लागला तर फोटोत हाडावर ते दिसायला दहा-पंधरा दिवस जातात. तोपर्यंत फोटो म्हणत राहतो की सगळं ठीक आहे. रोग्याला पहिला हात तुमचा लागतो. त्या हाताला कळलं पाहिजे.

उन्हाळा आला. आमच्या डार्करूममध्ये फिल्म धुवायच्या डेव्हलपरचा ट्रे तापायचा आणि फिल्मवरचा मसाला मऊ पडून सुटायचा, म्हणून आम्ही सकाळी बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आणायचो आणि ट्रेच्या भोवती तुकडे ठेवायचो. अशाच एका दिवशी दहाच्या सुमारास एक बाई पाठीवर मुलीला घेऊन आली. पालमच्या पुढच्या खेड्यातली. मुलगी नऊ-दहा वर्षांची, बाई तिची आत्या. एसटी स्टँडपासून तिनं पोरीला असंच पाठीवर आणलं होतं. आठवड्यापूर्वी मुलगी शाळेच्या ओट्यावरून पडली होती. तेव्हा काही वाटलं नाही. चार दिवसांपासून ताप होता आणि पाय टेकवत नव्हती. बाह्यरुग्ण विभागात एक तरुण डॉक्टर नवीनच आले होते. त्यांच्यापुढं त्या दिवशी भली मोठी रांग होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: उजव्या नडगीचा फोटो, हाड मोडलंय का बघा.

मी पोरीला टेबलावर निजवलं. पाय सरळ करायला हात लावला आणि माझा हात तिथंच थांबला. गुडघ्याच्या खाली चार बोटांवर कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि अशी ऊन, की तापाच्या उबेपेक्षा वेगळी कळावी. दुसऱ्या पायाला हात लावून बघितला. अंग तापलेलं होतं, पण एवढं नाही.

"हात नका लावू, आक्का," ती म्हणाली. रडली नाही. दात आवळून छताकडं बघत राहिली.

मी तिला पाय नुसता उचलून दाखव म्हणाले. तिला तेवढंही जमलं नाही. मुकामार असता तर आठव्या दिवशी कमी झाला असता, हा वाढत होता.

मी उजव्या पायाचा फोटो काढला. मग चिठ्ठीत लिहिलेलं नसताना डाव्या पायाचाही काढला, तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच किरणांवर. दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवल्या की फरक कळतो, इतकाच माझा हिशेब. डार्करूममधून दोन हँगर घेऊन बाहेर आले तर आमचे मुख्य तंत्रज्ञ दारात. फिल्मची तेव्हा फार टंचाई असायची. चांगल्या पायाचा फोटो कुणी सांगितला म्हणून त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि ओल्या फिल्म तरुण डॉक्टरांकडं नेल्या. त्यांनी उजवी उजेडाकडं धरली. हाड धड होतं. शेका, पट्टी बांधा, आठ दिवसांनी या, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. आत्या पोरीला पुन्हा पाठीवर घ्यायला वाकली.

रोग काय आहे ते तंत्रज्ञानं सांगायचं नाही, हा नियम आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवला होता. तो बरोबरच आहे. पण आठ दिवस थांबणं मला पटेना. मी आत्याला म्हणाले, मावशी, फिल्म वाळायची आहे, तोवर बाकावर बसा. कुठं जाऊ नका. आणि ठिबकणारे दोन्ही हँगर घेऊन मी म्हाताऱ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले.

ते चहा पीत होते. फिल्मचं पाणी त्यांच्या टेबलावर पडलं, त्यांनी कागद बाजूला सरकवले.

"काय झालंय ते नको सांगू," ते म्हणाले. "तुझ्या हाताला काय कळलं ते सांग."

मी सांगितलं. एका जागी ऊन. कातडी ताणलेली. हात लावू देत नाही. पाय उचलवत नाही. चार दिवस ताप. पडून आठवडा झाला आणि दुखणं वाढतंय. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. खिडकीत दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या आणि मला जवळ बोलावलं. हाडं दोन्हीकडं सारखी होती. पण डाव्या पायाच्या पोटरीत मांसाच्या थरांमधल्या बारीक काळ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, आणि उजव्या पायात त्याच रेघा ओल्या बोटानं पुसल्यासारख्या फिसकटल्या होत्या. एकच फिल्म असती तर ते कुणाच्या लक्षात आलं नसतं.

ते उठले आणि स्वतः बाकापाशी आले. पोरीशी तिच्या शाळेबद्दल बोलता बोलता नडगीवर एका बोटानं टेकून बघत गेले. एका जागी बोट टेकलं आणि पोर अर्धी उठून बसली.

त्यांनी तरुण डॉक्टरांना बोलावलं. मला वाटलं होतं, आता माझं काही खरं नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी कुणाचीच चूक काढली नाही. फक्त म्हणाले, जरा इथं हात ठेवून बघा. तरुण डॉक्टरांनी हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग दोन्ही फिल्म मागून घेतल्या, खिडकीत उभं राहून बघितल्या, आणि खाली बसून स्वतःच्या हातानं भरतीचा कागद लिहिला.

हाडाच्या आत पू धरत होता. त्याच दुपारी सर्जननं नडगीला बारीक भोक पाडून तो बाहेर काढला आणि पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. मी रोज मधल्या सुट्टीत वॉर्डात जायचे. तीन दिवस ताप उतरला नाही आणि आत्या माझ्याकडं अशी बघायची की मला पाय मागं घ्यावेसे वाटायचे. आपण सांगितलं म्हणून पोरीचं हाड फोडलं, आणि ते चुकीचं निघालं तर, हा विचार मला जेवू द्यायचा नाही. चौथ्या दिवशी मी गेले तर पोर उठून बसली होती आणि ताटलीतला भात खात होती. आत्यानं माझा हात धरून तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं.

"उतरला, बाई," ती म्हणाली. "सकाळपून भूक लागली म्हणायलीय."

मी जिन्यात जाऊन एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टर मला व्हरांड्यात भेटले. थांबून म्हणाले, पुढच्या वेळी असं काही हाताला लागलं तर थेट मलाच येऊन सांगा. त्यानंतर ते खरंच विचारायचे. फोटो मागताना चिठ्ठीत मोकळी जागा सोडायचे आणि त्यात मी काय बघितलं ते लिहायला सांगायचे.

पंधराव्या दिवशी पुन्हा फोटो काढायचा होता. पहिल्या दिवशीचं अंतर, किरणांचे आकडे, पायाची ठेवण, सगळं माझ्या वहीत होतं. तसाच फोटो मी पुन्हा काढला. हँगर पाण्यातून वर काढला आणि उजेडाकडं धरला, तर हाडाच्या कडेनं कागदाच्या कडेएवढी बारीक पांढरी रेघ उमटलेली. हाडावरच्या आवरणानं नवं हाड घालायला सुरुवात केली होती. आणि आत, डॉक्टरांनी बोट टेकवलं होतं त्याच जागी, सर्जनच्या भोकाच्या कडेला, वाळवी लागल्यासारखा एक ठिपका.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्या मंगळवारी दोन्ही दिवसांच्या फिल्म वर्गात लावल्या.

"आता बोललं हाड," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी. तोपर्यंत आपण इलाज करून बसलो."

मुख्य तंत्रज्ञ मागं दारात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून दुखऱ्या पायाबरोबर चांगल्या पायाचा फोटो घेतला तर मला कुणी जाब विचारला नाही. मुलगी दीड महिना राहिली. जायच्या दिवशी आत्यानं तिला पाठीवर घ्यायला वाकून दाखवलं तर तिनं मान हलवली. फाटकापर्यंत अर्धं अंतर आत्याचं बोट धरून आणि उरलेलं अर्धं बोट सोडून, जरा लंगडत, ती चालत गेली. आम्ही सहाही जण काम टाकून खिडकीत उभे होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर परीक्षा झाली. तोंडी परीक्षेला औरंगाबादहून एक परीक्षक आले होते, सुटाबुटातले, कमी बोलणारे. त्यांनी इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, सूज म्हणजे काय? मला उत्तर पूर्ण येत होतं, पण इंग्रजी वाक्य जुळेना. शेवटी मी विचारलं, सर, मराठीत सांगू? त्यांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि सांग म्हणाले.

मग मी थांबलेच नाही. इजा झाल्यावर शरीर काय करतं, का करतं, कुठल्या क्रमानं करतं, सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच अडवलं. सूज आणि जंतूंचा संसर्ग एकच का? मी म्हणाले, नाही. उकळतं पाणी हातावर सांडलं तरी सूज येते, हाड मोडलं तरी येते, तिथं जंतू नसतात. सूज हे शरीराचं काम. जंतू शिरणं ही बाहेरची गोष्ट. जंतू आले तर शरीर तेच काम करतं, फक्त जास्त करतं.

त्यांनी एक फिल्म लावली, जुनाट दुखण्याची, हाड घट्ट पांढरं झालेलं. विचारलं, याचा फोटो घेताना किरण किती? मी म्हणाले, नेहमीपेक्षा जास्त, हाड दाट झालंय, किरण आरपार जायचे नाहीत. आणि हाड पोखरलेलं असेल तर कमी, नाहीतर सगळं काळं पडून आजारच दिसणार नाही. म्हणून तर फोटो काढणाऱ्याला आजार कळायला हवा, असंही मी बोलून गेले. विचारलेलं नसताना.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"आमच्या डॉक्टरसाहेबांनी," मी म्हणाले, "आणि माझ्या आईनं."

ते पहिल्यांदा हसले.

निकाल लागला तेव्हा मी सहा जणांत पहिली होते. कागद हातात घेऊन मी तशीच स्टँडवर गेले आणि ताडकळसची गाडी धरली. त्या दिवशी तिथं बाजार होता. वडील बाजारालगत एका दुकानाच्या बांधकामावर होते, हे मला ठाऊक होतं. मी गर्दीतून वाट काढत गेले. ते डोक्यावर विटा घेऊन परांचीवर पाय द्यायच्या बेतात होते. मी सांगितलं, पहिली आले. त्यांनी विटा खाली उतरवल्या, हात धोतराला पुसले, कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच. समद्यांना ऐकू जाऊ दे."

मी वाचायला लागले. पहिल्यांदा आवाज निघेना. गवंडी थांबले, मिरच्या विकणारी बाई पाटी सोडून उठली, शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. कुणीतरी विचारलं, म्हंजे ही काय करणार? वडलांनी त्यांना सांगितलं की माझी लेक माणसाच्या आतलं बघती. मग त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं, कारण मागचे लोक आत्ताच आले होते. मी पुन्हा वाचलं. या वेळी आवाज खणखणीत निघाला.